पैसे येताना पिन लागत नाही

एप्रिलमध्ये आंबा ऐन भरात असताना आमच्या शेजारच्या वाडीतील एका बागायतदार काकांना दुपारी जेवणाच्या वेळेस फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. आपण सैन्यात अधिकारी आहोत, सध्या पुण्याच्या छावणीत नेमणूक आहे आणि जवानांसाठी हापूसच्या दहा पेट्या हव्या आहेत, असे त्याने सांगितले. काकांनी पेटीचा भाव २,५०० रुपये सांगितला आणि तो त्याने एका शब्दात मान्य केला. पेटी पाच डझनी की सहा डझनी, फळ तयार की कच्चे, माल कोणत्या गाडीने येणार आणि उतरवून कोण घेणार, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. वाशीच्या दलालांशी जन्मभर डझनाच्या हिशेबावरून वाद घातलेल्या माणसाला ही गोष्ट खरे तर तेव्हाच खटकायला हवी होती. ती खटकली नाही, आणि त्याबद्दल काकांना दोष देणे मला योग्य वाटत नाही, कारण फोन करणाऱ्याचा तो रोजचा धंदा होता आणि काकांचा तो पहिलाच प्रसंग होता.

पुढचा प्रकार असा घडला. सैन्याच्या खात्यातून पैसे पाठवण्याची पद्धत वेगळी असते, असे सांगून त्या माणसाने व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड पाठवला आणि आधी खात्री करून घ्या म्हणाला. काकांनी तो घरातल्या दुसऱ्या फोनवर उघडून स्वतःच्या फोनने स्कॅन केला, पिन टाकला, ५ रुपये गेले आणि मिनिटभरात १० रुपये जमा झाले. मग २५,००० रुपयांचा कोड आला. तो स्कॅन करताना पडद्यावर कोणा अनोळखी माणसाचे नाव दिसले, तेव्हा ‘ते आमच्या हिशेबनिसाचे नाव आहे’ असे उत्तर मिळाले. पिन टाकला आणि २५,००० रुपये गेले. सर्व्हर अडकला आहे, पुन्हा एकदा स्कॅन करा म्हणजे दोन्ही रकमा एकदम परत येतील, असे पलीकडून सांगणे सुरू झाले. काका दुसऱ्यांदा पिन टाकण्याच्या बेतात असताना शाळेत शिकवणारी त्यांची सून घरी आली आणि तिने फोन हातातून काढून घेतला.

येथे नेमके काय घडले हे समजण्यासाठी यूपीआय कसे चालते ते थोडे पाहावे लागते. राष्ट्रीय देयके महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २०१६ साली सुरू केलेली ही व्यवस्था बँकेच्या काउंटरपेक्षा फारशी निराळी नाही. बँकेत आपल्या खात्यात पैसे कोणीही भरू शकतो. भरण्याच्या स्लिपवर आपली सही लागत नाही आणि पैसे जमा होत आहेत हे आपल्याला माहीत असण्याचीही गरज नसते. पैसे काढण्याच्या स्लिपवर मात्र खातेदाराचीच सही लागते. यूपीआयचा पिन म्हणजे ती काढण्याच्या स्लिपवरची सही आहे. त्यामुळे पैसे मिळवण्यासाठी पिन टाका, असे ज्या क्षणी कोणी म्हणतो, त्या क्षणी तो आपल्याला पैसे काढण्याच्या स्लिपवर सही करायला सांगत असतो. खात्यातील शिल्लक पाहण्यासाठीही पिन लागतो हे खरे, पण तेथेही आपण आपल्याच खात्याचे कुलूप उघडत असतो. क्यूआर कोड हा तर केवळ पैसे घेणाऱ्याच्या खात्याचा पत्ता असतो आणि काही वेळा त्यात रक्कमही आधीच भरलेली असते. किराणा दुकानदार तो काउंटरवर चिकटवून ठेवतो तो गिऱ्हाइकाने पैसे द्यावेत म्हणून. विक्रेता काका असताना क्यूआर कोड काकांनी पाठवायला हवा होता. तो खरेदीदाराकडून आला, तेथेच व्यवहार उलटा झाला.

आणि पाचाचे दहा कसे झाले? ते पाचाचे दहा झालेच नाहीत. काकांनी ५ रुपये पाठवले हा एक व्यवहार आणि समोरच्याने दुसऱ्या खात्यातून १० रुपये पाठवले हा दुसरा स्वतंत्र व्यवहार. दोन्ही लागोपाठ घडल्यामुळे ते एकमेकांना जोडलेले वाटले, इतकेच. १० रुपयांचे आमिष लावून २५,००० चा मासा ओढला गेला. पूर्वी अशी मंडळी यूपीआयमधील पैसे मागण्याची सोय वापरून थेट मागणी पाठवत असत. व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. त्यामुळे आता भर आहे तो क्यूआर कोडवर, बनावट संदेशांवर आणि गोड बोलण्यावर. पैसे जमा झाल्याचा खोटा एसएमएस पाठवणे किंवा व्यवहार यशस्वी झाल्याचा हिरवा स्क्रीनशॉट दाखवणे हा याच जातीचा प्रकार आहे. माल गाडीत चढवण्यापूर्वी संदेश पाहू नये, खात्यातील शिल्लक पाहावी, एवढा नियम आंबा, काजू, कोकम सरबत किंवा सुकी मासळी फोनवरून विकणाऱ्या प्रत्येकाने पाळला तर हा प्रकार जागीच थांबतो.

काकांची ही हकिगत इतकी लांबवण्याचे कारण असे की इंटरनेटवरील बहुतेक फसवणुकींत हाच एक सांगाडा दिसतो: सुरुवात आपण केलेली नसते. फोन, संदेश, दुवा, कोड, सगळे समोरून आलेले असते. याउलट इंटरनेटमुळे खरोखर पैसे वाचतात तेथे जवळजवळ नेहमी आपण स्वतः, आपल्या गरजेने, माहीत असलेल्या पत्त्यावर गेलेलो असतो. सातबारा उताऱ्याचेच पाहा. महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर बिनसहीचा सातबारा नुसता पाहायला काही शुल्क नाही, आणि डिजिटल स्वाक्षरीचा, पडताळणी क्रमांक असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यासाठी अनेक जण एसटीने तालुक्याला जातात, दिवस मोडतात आणि मधल्या माणसाला वर शंभर-दोनशे देतात. गणपतीच्या गाड्यांचेही तसेच. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, हे ज्या चाकरमान्याला माहीत आहे तो तारीख मोजून सकाळी स्वतः आयआरसीटीसीवर बसतो. यूपीआयने पैसे भरल्यास बिगर-वातानुकूलित तिकिटाला १० रुपये आणि वातानुकूलित तिकिटाला २० रुपये, अधिक जीएसटी, एवढेच सेवाशुल्क पडते. ज्याला माहीत नाही तो ‘कन्फर्म तिकीट हमखास’ म्हणणाऱ्या व्हॉट्सॲप क्रमांकाला दुप्पट पैसे देतो आणि कधी कधी गाडीत चढल्यावर कळते की तिकिटावरचे नाव तेवढे बदललेले होते. औषधांच्या बाबतीत सरकारच्या ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर त्याच घटकाचे जेनेरिक औषध काय किमतीला आहे आणि सर्वांत जवळचे जनऔषधी केंद्र कोठे आहे ते दिसते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या घरात हा फरक मोठा असतो, मात्र गोळी बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता ‘माहीत असलेला पत्ता’ म्हणजे काय, हा खरा अवघड भाग आहे, आणि तो नीट समजावून सांगितला जात नाही असे मला वाटते. ‘अधिकृत संकेतस्थळावरच जा’ एवढे सांगून लोक मोकळे होतात. पण अधिकृत कोणते हे ओळखायचे कसे? त्यासाठी टपालाचा पत्ता आठवावा. आपण पत्ता लिहितो तो घरापासून: घराचे नाव, वाडी, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. टपाल वेगळे करणारा माणूस मात्र तो शेवटाकडून वाचतो, आधी जिल्हा, मग तालुका. कारण मधलीवाडी काय, प्रत्येक गावात असते. जिल्हा आणि तालुका कळल्याशिवाय त्या नावाला अर्थ नाही. इंटरनेटवरील पत्ताही असाच शेवटाकडून वाचायचा असतो. सुरुवातीच्या जोड तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तेथे थांबावे आणि तेथून डावीकडे वाचत यावे. ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘को डॉट इन’ हे जोडशब्द एकच समजावेत, आणि शेवटच्या शब्दाच्या किंवा अशा जोडशब्दाच्या लगेच डावीकडे जो शब्द असेल तो त्या जागेचा मालक. त्याच्याही डावीकडे मालकाला हवे ते लिहिता येते, जसे कोणीही आपल्या खोपटावर ‘राजवाडा’ अशी पाटी लावू शकतो.

उदाहरणार्थ, महावितरणचा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा आहे. आता समजा, दुव्यात ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिलभरणा डॉट एक्सवायझेड’ असे लिहिलेले आहे. डावीकडून वाचणाऱ्याला महावितरण दिसते आणि तो निश्चिंत होतो. शेवटाकडून वाचणाऱ्याला दिसते की ही जागा ‘बिलभरणा’ नावाच्या कोणा तिऱ्हाइताची आहे आणि महाडिस्कॉम ही त्याने दारावर लावलेली पाटी आहे. या वाचनात मदत व्हावी अशा दोन सोयी आहेत. ‘गव्ह डॉट इन’ हा शेवट सरकारी यंत्रणांनाच मिळतो, आणि रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या शेवटावर जाण्यास सांगितले होते, जो बँकांखेरीज इतरांना दिला जात नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर मात्र कोणी विसंबू नये. त्या चिन्हाचा अर्थ इतकाच की पाकीट चिकटवलेले आहे, वाटेत कोणी वाचणार नाही. पाकीट ज्याच्या हाती पडणार तो सज्जन आहे की चोर, याविषयी ते काही सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ साली ते चिन्हच काढून टाकले.

लाईट बिलाचा विषय निघालाच आहे तर त्या संदेशाविषयी सांगायला हवे. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ असा संदेश येतो. कोकणात जून-जुलैमध्ये हा संदेश विशेष परिणामकारक ठरतो, कारण वादळवाऱ्यात संध्याकाळी लाईट खरोखरच जाते आणि संदेश पाठवणाऱ्याचे भाकीत आपोआप खरे होते! हा संदेश दहा आकडी खासगी मोबाईल क्रमांकावरून आलेला असतो. नोंदणीकृत संस्थांचे एसएमएस अक्षरी नावाने येतात आणि २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी पी, एस, टी किंवा जी यांपैकी एक अक्षर असते; पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. शंका आल्यास संदेशातील क्रमांकावर फोन न करता १९१२ वर करावा किंवा कागदी बिलावरचा क्रमांक पाहावा. जाता जाता, कागदी बिल सोडून ई-मेलवर बिल घेणाऱ्यास महावितरणची ‘गो-ग्रीन’ योजना महिन्याला १० रुपये या हिशेबाने सूट देते. रक्कम लहान आहे, पण ती देण्यासाठी कोणाचाही फोन येत नाही.

त्या क्रमांकावर फोन केलाच, तर पलीकडचा माणूस एखादे ॲप घ्यायला सांगतो ज्यामुळे आपल्या फोनचा पडदा त्याला दिसू लागतो, किंवा व्हॉट्सॲपवर ‘एपीके’ शेवट असलेली फाईल पाठवतो. ही फाईल म्हणजे कागदपत्र नव्हे, छायाचित्र नव्हे. ते प्ले स्टोअरच्या तपासणीबाहेरून फोनमध्ये शिरणारे ॲप असते. त्याला एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली की आपल्याला येणारा ओटीपी आपल्याआधी त्याला मिळतो. लग्नाची पत्रिका, वाहतुकीच्या दंडाचे चलन, पीएम किसानची यादी अशा नावांनी या फाईली फिरतात आणि पुष्कळदा ओळखीच्याच क्रमांकावरून येतात, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो. पत्रिका उघडण्यासाठी ॲप बसवावे लागत नाही.

कोकणाला विशेष लागू असलेला आणखी एक प्रकार म्हणजे बोटीवरची आणि आखातातली नोकरी. मंडणगड, दापोली, खेडपासून खाली राजापूरपर्यंत कित्येक घरे या पगारावर उभी राहिली आहेत, त्यामुळे नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे सवय नाही. त्याच्याकडे उपकारकर्ता म्हणूनच पाहिले जाते. येथे इंटरनेट धोका नसून तपासणीचे साधन आहे, आणि ते फारच थोडे लोक वापरतात. व्यापारी जहाजांवर खलाशी पाठवणाऱ्या कंपनीकडे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला ‘आरपीएसएल’ क्रमांक म्हणतात आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. शिवाय २००६ च्या सागरी श्रम करारानुसार, जो भारताने २०१५ साली स्वीकारला, नोकरी लावून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्र, पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाची नोंदवही, अशा कागदपत्रांचा खर्च तेवढा त्याचा. याचा सरळ अर्थ असा की बोटीवर चढवण्यासाठी तीन-चार लाख मागणारा माणूस, परवाना दाखवत असला तरी, मागू नये ते मागत आहे. आखाताच्या बाबतीत परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी असते आणि एजंटाने उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेऊ नये असा नियम आहे. व्हिजिट व्हिसावर जा, तेथे गेल्यावर बदलून मिळेल, असे कोणी म्हणाले तर घरातील वडील माणसांनी मुलाची बॅग भरायला घेऊ नये. थायलंडमध्ये संगणकावरचे काम आहे म्हणून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमार आणि कंबोडियातील अड्ड्यांमध्ये डांबून त्यांच्याकडूनच लोकांना ठकवण्याचे फोन करून घेतल्याचे उघड झालेले आहे.

मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी येऊन राहिलेल्या वृद्ध जोडप्यांना ‘डिजिटल अटके’चे, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याचे सांगणारे, फोन येतात. भारतीय कायद्यात व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची तरतूदच नाही, आणि कोणताही खरा पोलीस मुदतठेव मोडून पैसे पाठवा असे सांगत नाही, एवढे त्यांना त्यांच्या मुलांनी आधीच सांगून ठेवावे. शेअर बाजारातील खात्रीच्या टिपा देणाऱ्या गटांविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर नोंदणी शोधणे हा एकच उपाय बहुतेकांना पुरतो. आणि तरुणांसाठी एक गोष्ट: महिन्याला काही हजार देतो, तुझे बँक खाते आणि एटीएम कार्ड वापरायला दे, असे म्हणणाऱ्याला खाते भाड्याने देणे हा हात खर्चाचा मार्ग नाही. चोरीचा पैसा त्याच खात्यातून पुढे जातो आणि पोलीस पहिल्यांदा त्याच पत्त्यावर येतात.

एवढे करूनही पैसे गेले, तर पुढचा प्रश्न वेळेचा आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाचा १९३० हा क्रमांक आणि ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ हे संकेतस्थळ बँकांशी जोडलेले आहे. तक्रार नोंदली की ज्या खात्यात रक्कम गेली त्या बँकेला सूचना जाते आणि तेथे जे शिल्लक असेल ते रोखून धरले जाते. चोर हे जाणून असतो, म्हणून तो रक्कम तुकडे करून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात सरकवत राहतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतःच दिला असेल तर मात्र बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे. म्हणून बँकेला कळवल्याचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी.

काकांच्या घरी त्या दुपारी आधी बँकेच्या शाखेत फोन लावला गेला, तो कोणी उचलला नाही. मग मुंबईत असलेल्या मुलाला लावला, तो लोकलमध्ये होता. मग शेजारी जमले आणि पोलीस पाटलांना विचारावे की तालुक्याला जावे यावर चर्चा झाली. १९३० चे नाव सुनेने काढले तोपर्यंत पाऊण तास गेला होता. घरात रेंज फक्त पडवीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात येते. तेथे उभे राहून तिने व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम आणि बँकेचे नाव सांगितले. २५,००० पैकी ९,००० रुपये तिसऱ्या खात्यात अडकलेले सापडले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर ते पुढच्या हंगामाच्या तोंडावर परत मिळाले. उरलेले १६,००० परराज्यातील एका एटीएममधून निघून गेले होते, ते शेजाऱ्यांची चर्चा चालू असतानाच.